ताम्पेरेच्या आजींना, किल्लीबद्दल

प्रिय आजी,

तुमच्या फिनलंडमध्ये वडीलधाऱ्यांनाही नुसत्या नावानं हाक मारतात. माझ्या तोंडून ते निघत नाही, म्हणून आजीच म्हणते. त्या दिवशी मी "कीतोस" म्हणाले, तुम्ही मान हलवलीत आणि कॉफी ओतायला वळलात. एवढ्या आभारांनी माझं मन भरलेलं नाही. आतलं बोलायचं तर मला मराठीच लागते, म्हणून हे पत्र चारचौघांत मराठीत.

तुमच्याआधी मला शिकवणाऱ्यांनी पहिल्याच संध्याकाळी पंधरा विभक्तींचा तक्ता समोर ठेवला होता. विभक्तींची नावं लॅटिन, अर्थ इंग्रजीत. "मिनुल्ला ओन" म्हणजे इंग्रजीतलं 'आय हॅव', पाठ करा, पुढे चला. असं का, हे विचारलं की उत्तर ठरलेलं: फिनिश अवघडच आहे. दुकानांत, कचेऱ्यांत तर मी शेवटचा प्रत्यय जुळवेपर्यंत थांबायलाही कुणी तयार नसे, लगेच इंग्रजी सुरू. त्यांच्या मनात वाईट काही नसेल, पण मला दर वेळी परकं झाल्यासारखं वाटायचं.

ग्रंथालयातल्या त्या भाषा-कॅफेत, म्हणजे आम्ही परके फिनिश बोलायचा सराव करतो तिथे, तुम्ही कागदसुद्धा काढला नाहीत. पर्समधून तुमच्या घराची किल्ली काढलीत आणि शेजारच्या खुर्चीवर ठेवलीत. "आवाइन ओन तुओलिल्ला." किल्ली खुर्चीवर आहे. मग ती उचलून माझ्या तळहातावर ठेवलीत, माझी बोटं तुमच्या हातानं मिटलीत आणि म्हणालात, "न्यूत सिनुल्ला ओन आवाइन." आता तुझ्याकडे किल्ली आहे. खुर्चीला लागला तोच 'ल्ला' मला लागला होता! क्रियापद दोन्हीकडे साधं 'आहे'. किल्ली आधी खुर्चीपाशी होती, आता माझ्यापाशी. तुमच्या भाषेत 'हॅव' नाहीच, आणि आमच्या तरी कुठे आहे? मला देताना 'सिनुल्ले', माझ्याकडून परत घेताना 'सिनुल्ता'. मग रिकामा हात दाखवून मला बोलायला लावलंत: "मिनुल्ला एइ ओले आवाइन्ता." माझ्याकडे किल्ली नाही. नकार आला की किल्लीचंही रूप बदलतं, हे तेव्हा कळलं.

प्रत्ययापूर्वी शब्द बदलतो याचा तर मी उगाच धसका घेतला होता. 'वेसि' म्हणजे पाणी, पण पाण्यात म्हणायचं तर 'वेदेस्सॅ'. शाळेत 'स, ला, ते' घोकलेल्या, पाणीचं 'पाण्यात' करणाऱ्या मुलीला सामान्यरूप नवीन थोडंच होतं? ते आमच्याकडेही आहे, एवढं एक वाक्य आधी कुणी बोललं असतं तर!

आजी, त्यानंतर मुलीला ताप आला तेव्हा आरोग्य केंद्रात फोनवर मी म्हणाले, "त्युत्तॅरेल्लॅनि ओन कूमे." माझ्या मुलीला ताप आहे. आधी मुलगी, मग तोच 'ल्ला', इथे 'ल्लॅ' झालेला, सगळ्यात शेवटी 'माझी' सांगणारा 'नि'. लोक बोलताना हा 'नि' सोडून देतात, आधी नुसतं 'मुन', म्हणजे 'माझी', म्हणून भागवतात, हे तुम्हीच सांगितलं होतंत. पण त्या घाबरलेल्या घडीला पुस्तकातलं पूर्ण रूप आपोआप आलं. पलीकडच्या नर्सनं फिनिशमध्येच विचारलं, किती ताप, कधीपासून. मी फिनिशमध्येच उत्तरं दिली. फोन ठेवल्यावर मुलीला कुशीत घेऊन मी खूप रडले.

तुम्हाला यासाठी कुणी पैसे देत नाही. निवृत्तीनंतरची मोकळी संध्याकाळ तुम्ही आणि तुमच्यासारखी माणसं कुठून कुठून आलेल्या आम्हा लोकांना देऊन टाकता, आमचं अडखळणं ऐकत बसता, वाक्य पुरं होईपर्यंत वाट पाहता. अशा माणसांची नावं कुठे छापून येत नाहीत, पण परक्या गावात पाय रोवता येतात ते त्यांच्याच जिवावर. आणि घराची किल्ली! जेमतेम ओळखीच्या बाईच्या मुठीत ती देताना तुम्हाला क्षणभरही विचार करावा लागला नाही. व्याकरण उद्या विसरेन कदाचित, पण तो विश्वास कसा विसरू?

आता 'कॉफी पितेय' म्हणताना 'काह्विआ' आणि सगळी पिऊन टाकते म्हणताना 'काह्विन', हा फरक नीट समजून घ्यायचा आहे. बुधवारी येते. तेही तुमच्याकडूनच शिकायचंय.

तुमची,
ताम्पेरेतली मराठी विद्यार्थिनी