उलटा रोवणा

चि. बाईस,
अनेक आशीर्वाद.

वडसा स्टँडवर उतरलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. प्रदर्शनात तुमचे सर उभे होते, तुझ्याशी धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

दारातल्या पोरानं आत सोडलं तेव्हा पडद्यावर तुझं हलतं चित्र, व्हिडिओ, अर्ध्यावर होतं. म्हटलं, सुरुवात होईपर्यंत बसू. आपण रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत पाहणारी माणसं. पण तोच बगळा तिसऱ्यांदा उलटा उडत येऊन धुऱ्यावर बसला तेव्हा विचारलं. पोरगा म्हणाला, "काका, हे लूप आहे, सुरुवात-शेवट नाही." आपल्याकडं असं केलं तर मंडपातल्या खुर्च्या जागेवर राहायच्या नाहीत.

खरं सांगतो, पहिल्यांदा रागच आला. आपली भाताची बांधी, आपल्याच बाया, अन् रोवणा उलटा! मागं सरकत भाताची रोपं, परे, लावणाऱ्या बाया पडद्यावर पुढं चालत येत होत्या अन् चिखलातला परा उडून हातात येत होता. शेवटी बांधी रिकामी, नुसतं पाणी. पावसानं दगा दिला त्या साली मामा तलाव आटला होता, परे वाफ्यातच पिवळे पडले होते. तू तेव्हा चौथीत होतीस. तुला ते आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं. तिसऱ्या फेरीला मी बायांकडं पाहतच नव्हतो. पाण्यावरच्या लाटा पसरण्याऐवजी पायाशी येऊन मिटत होत्या, तेच पाहत होतो.

आईचं वेगळंच. प्रोजेक्टरपुढून गेली, तिची सावली बांधीत पडली, तशी दचकून खाली बसली. मग हळूच उठून पडद्यावरच्या स्वतःच्या शेजारी सावली उभी करून पाहिली. बसमध्ये म्हणे, "गाणे काहून काढले वो पोरीनं? रोवणा का मुक्यानं होते?" मलाही तेच वाटलं. नुसती मोटारपंपाची घरघर ठेवलीस.

मी मंडईच्या जत्रेतल्या नाटकांत लाइट सांभाळणारा माणूस, म्हणून एक दोष सांगतोच. दारावरचा पडदा पातळ होता. व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटनं चित्राची डावी बाजू पांढरी पडत होती. पुढच्या वेळी ताडपत्री दुहेरी लावा.

तू फोनवर त्या कोरियाच्या नाम जून पाइकचं सांगितलं होतंस. १९६३ साली जर्मनीत टीव्हीचे संच मांडून प्रदर्शन केलं, पुढं टीव्हीवर लोहचुंबक ठेवून चित्र वाकडं केलं. आपल्या गावात १९८७ साली रविवारचं रामायण पाहताना अँटेना धरून एक पोट्टं छपरावर बसायचं. चित्र फुकटातच वाकडं व्हायचं! आम्ही त्या पोट्ट्याला शिव्या घालायचो.

लोक मात्र तुझ्या खोलीत मिनिटभर थांबून निघून जात होते. ते मला टोचलं.

गावात बातमी पोचली आहे. रोवण्याच्या बाया रोज विचारतात, "आमचा सिनेमा कवा?" भाऊबीज झाली की मंडई. नाटकाला लोक जमेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातोच. पांढरा कापड, वायर, जनरेटर माझ्याकडं. प्रोजेक्टर तेवढा तुमच्या सरांना विचार. आईची अट आहे: आधी गाण्यासकट सरळ दाखवायचं, मग उलटं.

तुझे
बाबा