खासगी रानात तंबू ठोकताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी सुरू झाली की वर्तमानपत्रांच्या पर्यटनविषयक पानांवर कोकणातल्या तंबूंची छायाचित्रे दिसू लागतात. यंदाही तशी बरीच पाहिली. त्यांतल्या बहुतेकांत तंबू पाण्याला अगदी लागून ठोकलेले, झाडाखाली ओंडक्यांची मोठी शेकोटी पेटवलेली आणि फांद्यांवरून रंगीत दिव्यांच्या माळा सोडलेल्या. चित्र म्हणून ते सुंदर दिसते यात शंका नाही. पण रानात रात्र काढायची असेल तर ज्या गोष्टी मुळीच करू नयेत, नेमक्या त्याच त्यात दिसतात. संगमेश्वर तालुक्यात आमच्या कुटुंबाचे सुमारे 14 एकर रान आहे आणि गेली सहा वर्षे आम्ही तेथे तंबूत राहणारे पाहुणे घेत आहोत. त्या अनुभवावरून चार शब्द लिहिणे मला कर्तव्य वाटते.

बाहेरून येणाऱ्यांचा एक समज पहिल्यांदा दूर करायला हवा. आमच्या जिल्ह्यात डोंगरउतारांवर जे हिरवे दिसते, ते सगळे सरकारी जंगल नव्हे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल फारच थोडे असून बाकीचे रान कोणाच्या ना कोणाच्या सातबाऱ्यावर आहे. यातली पुष्कळशी जमीन पूर्वी वरकस म्हणून नाचणी-वरीसाठी कसली जात असे. माणसे मुंबईला गेली, नांगर थांबले आणि त्या जमिनीवर ऐन, किंजळ, जांभूळ, करवंद आपोआप वाढले. अशा रानातून मालकाच्या हाती पैसा येण्याचा रुळलेला मार्ग एकच, तो म्हणजे दहा-बारा वर्षांनी ठेकेदाराला तोडीसाठी देणे. आमच्या सातबाऱ्यावर सतरा नावे आहेत आणि दर दोन-तीन वर्षांनी त्यांतला कोणीतरी सहहिस्सेदार तोडीचा विषय काढतोच. घरात कोणाचे शिक्षण असते, कोणाचे आजारपण असते, त्यामुळे त्याला दोषही देता येत नाही. तंबूचे भाडे हे झाड उभे ठेवून मिळणारे उत्पन्न आहे, आणि म्हणूनच माझा तंबूंना विरोध नाही. पुण्याची ‘अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन’ (एईआरएफ) ही संस्था आमच्या तालुक्यात रानमालकांशी तोड न करण्याचे करार करीत आली आहे, तिच्यामागचा विचारही हाच आहे. मात्र ज्या जनावरांमुळे आणि पाखरांमुळे रानाला रान म्हणायचे, त्यांना हुसकावून हे उत्पन्न मिळवले, तर कुऱ्हाड न लावताही रान रिकामे होते.

हे मी आमच्याच चुकीवरून शिकले. आमच्या रानाच्या वरच्या अंगाला एक जुना बेहडा आहे, दोन माणसांच्या कवेत न मावणारा, आणि त्याच्या खोडात जमिनीपासून बऱ्याच उंचीवर एक ढोली आहे. तीत महाधनेशाची जोडी, ज्याला आमच्याकडे लोक गरुड म्हणतात ती, अनेक वर्षे घरटे करीत होती. साधारण फेब्रुवारीत मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा व फळांचा गर यांनी आतून दार लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट उरते. पुढचे तीन-साडेतीन महिने तिचा आणि पिल्लाचा सगळा भार एकट्या नरावर असतो. वड, उंबर, पायर यांची फळे घशात साठवून तो येतो, खोडाला बिलगून बसतो आणि एकेक फळ वर आणून फटीतून आत देतो. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आलेल्या एका गटाने त्याच झाडाला झुला बांधला, दिव्यांची माळ गुंडाळली आणि दुपारपासून गाणी लावली. जागा आम्हीच दाखवली होती, कारण सावली तिथेच दाट होती. संध्याकाळी नर आला. पंखांचा तो घोंघावणारा आवाज दुरून ऐकू आला, पण तो बेहड्यावर उतरलाच नाही. पलीकडच्या सातविणीवर बसून राहिला. बराच वेळ तो मान वाकडी करून ढोलीकडे पाहत होता, मग उडून गेला. आम्ही माळ उतरवली, पाहुण्यांना खाली हलवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा फळे घेऊन आला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. पण पुढच्या दोन्ही वर्षी त्या ढोलीत जोडी आली नाही. कारण तेच होते असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, तरी ती संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

शेकोटीबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सर्वांत जास्त हट्ट तिचाच असतो. कोकणात पाऊस उदंड पडतो म्हणून रान ओलेच असेल असे पाहुण्यांना वाटते. प्रत्यक्षात जानेवारी संपता संपता गवत कडक वाळलेले असते आणि झाडांखाली घोट्याएवढा पाचोळा साचतो. वरून विझलेला दिसणारा विस्तव या पाचोळ्याखाली आणि कुजक्या मुळांत तासन्‌तास धुमसत राहतो, आणि दुपारचा वारा सुटला की पेट घेतो. मग वणवा एका मालकाच्या गडग्यापाशी थांबत नाही. शेजाऱ्याची काजूची, आंब्याची कलमे, कोणाची गवताची उडवी, कोणाचा गोठा, असा तो चढत जातो. दुसरे असे की, पडलेला ओंडका म्हणजे फुकटचे सरपण नव्हे. त्याच्या सालीखाली आणि पोकळीत गोम, विंचू, सापसुरळी, बेडूक राहतात, तो कुजूनच माती होते, आणि खवले मांजर वाळवी उकरायला अशाच ठिकाणी येते. आमच्याकडे आता शेकोटी फक्त घराच्या खळ्यात आणि लोखंडी घमेल्यात, तीन दगडांवर ठेवून पेटवली जाते. जळण म्हणून करवंट्या, सोडणे (नारळाची वाळलेली सालपटे) आणि चुडते (वाळक्या झावळ्या). ती माडाखाली हवी तेवढी पडलेली असतात. पाण्याची भरलेली कळशी शेजारी असते आणि राख हाताला गार लागेपर्यंत कोणी उठत नाही. फेब्रुवारीनंतर तीही शेकोटी बंद.

पाण्याचे तसेच. आमचा पऱ्या, म्हणजे ओढा, डिसेंबरात वाहायचा थांबतो आणि मग एका कोंडीत तेवढे पाणी उरते. सांबर, भेकर, रानडुक्कर, साळिंदर, क्वचित बिबट्या, सगळ्यांची रात्रीची वाट तिथेच येते. कोंडीच्या काठी तंबू पडला की त्या रात्री ही सगळी जनावरे तहानलेली परत जातात. एकदा सकाळी मी तिथे गेले तेव्हा पाण्यावर साबणाचा फेस होता आणि करवंदीच्या काट्यांना शाम्पूची पुडी अडकली होती. तंबू पाण्यापासून निदान शंभर पावले दूर असावा, अंघोळ आणि भांडी घराकडे व्हावीत, आणि शौचाला घराचेच शौचालय वापरावे. उष्टेखरकटे रानात टाकू नये हेही त्यातच आले. हाडांच्या वासाने गावची कुत्री वर येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. मग बिबट्या वस्तीत शिरला अशी ओरड होते.

रात्रीचा अंधार आणि शांतता हीसुद्धा रानातल्या जिवांच्या गरजेची गोष्ट आहे. मेअखेरीस पहिल्या वळवाच्या सुमारास काजवे चमकू लागतात तेव्हा नर उडता उडता प्रकाशाची खूण करतो आणि झुडपावरची मादी त्याला उत्तर देते. जवळ मोठा दिवा असला की ही खूण बुडून जाते. काजवे पाहायला येणाऱ्यांनीच विजेऱ्यांचे झोत टाकावेत, यासारखी वाईट गोष्ट नाही. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावायला 2000 सालच्या नियमांनी बंदी आहेच, पण रानात ती सूर्यास्तापासून पाळावी असे मला वाटते. बिबट्या दिसावा म्हणून गाडीचे दिवे रानात फिरवणे किंवा आमिष ठेवणे तर कोणीच करू नये. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खासगी जमिनीतही लागू आहे, याची जाणीव पाहुण्यांइतकीच आम्हा मालकांनाही असायला हवी.

यात पाहुण्यांचा जीवही सांभाळला जातो. जांभ्याच्या दगडांत फुरसे हा विषारी साप असतो आणि तो पाचोळ्यात डोळ्यांना दिसत नाही. लाल विंचवाचा दंश पूर्वी कोकणात अनेकांचा घास घेत असे; महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या संशोधनामुळे प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळला आणि हे मृत्यू पुष्कळ कमी झाले. तरी जवळच्या आरोग्य केंद्राचा रस्ता मालकाने आधी सांगायलाच हवा. खाली सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे 2016 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडींमुळे पसरतो, म्हणून पाचोळ्यावर उघड्या पायांनी लोळणे टाळावे आणि मेलेले माकड दिसल्यास हात न लावता कळवावे.

पाहुण्यांना एवढे सांगितल्यावर मालकांबद्दलही बोलले पाहिजे, कारण दोष अधिक आमचाच आहे. पैसे घेताना आम्ही अटी सांगत नाही. एक तंबू म्हणत म्हणत वीस होतात. शेजाऱ्याला विचारत नाही. देवराईच्या कडेला जागा दाखवतो, जिथे आमचे आजोबा चप्पल घालून जात नसत. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला हे वेगळ्या रीतीने घडले. तेथे 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांबरोबर कासवांची घरटी राखली. पुढे पिल्ले पाहायला लोक येऊ लागले तेव्हा गावाने त्यांना आपल्या घरांत उतरवले. किनाऱ्यावर दोरीच्या अलीकडे उभे राहायचे, पिल्लांना हात लावायचा नाही, हे तिथे येणारा प्रत्येक जण पाळतो, कारण अख्खे गाव एकच गोष्ट सांगते. रानाच्या बाबतीत ग्रामसभेने असेच काही ठरवावे: कोणत्या रानात किती तंबू, कोणत्या महिन्यांत मुळीच नाहीत, वणव्याच्या दिवसांत राखणीला कोण. राज्याचे कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आले, त्याखाली नोंदणी करणाऱ्या रानमालकांनाही या अटी लागू करता येतील.

आपणास विनंती अशी की, कोकणातल्या तंबूंविषयी मजकूर छापताना छायाचित्र निवडण्यापूर्वी तंबू पाण्याला लागून तर नाही ना, झाडाला दिवे तर गुंडाळलेले नाहीत ना, एवढे पाहावे. वाचक जे चित्रात पाहतात तेच येथे येऊन मागतात. आमच्याकडे या हंगामात चारच तंबू राहतील, तेही खालच्या जुन्या खळ्यात, जिथली जमीन पूर्वीपासूनच कठीण आणि मोकळी आहे. बेहड्याकडची वाट 1 फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत बंद ठेवली आहे, आणि ज्यांनी त्या जागेसाठी आगाऊ पैसे भरले होते त्यांना ते परत पाठवले आहेत. जोडी अजून दिसलेली नाही, पण गेल्या आठवड्यात एक नर सातविणीवर येऊन बसला होता.

आपली विश्वासू,
एक रानमालकीण
तालुका संगमेश्वर, जि. रत्नागिरी