शनिवारची आठवण: म्युस्कादे आणि कालवं

सभासदहो, येत्या शनिवारी संध्याकाळी 7 वाजता फ्रान्सच्या नाँत शहराजवळची म्युस्कादे वाइन आणि सोबत ताजी कालवं. बाटली घेताना लेबलवर ‘स्यूर ली’ हे शब्द आहेत ना, ते नक्की बघा. म्हणजे बाटलीत भरेपर्यंत ही वाइन तळाला बसलेल्या यीस्टच्या गाळावरच ठेवलेली असते. त्यानेच तिला पावासारखा हलका वास आणि भरीवपणा येतो. मागच्या वेळी बाटल्या बर्फात फार वेळ राहिल्या आणि सुगंधच हरवला, म्हणून या वेळी दहा मिनिटं आधी बाहेर काढू. पहिल्या कालवावर लिंबू पिळू नका. त्याचा खारटपणा आणि वाइनची आंबटसर चव आधी एकत्र घेऊन बघा. कालवं आधी सांगून ठेवावी लागतात, तेव्हा येणार असाल तर गुरुवारपर्यंत कळवा.