जुनं एअर पिस्तूल भंगारात घालू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या अंकातला नेमबाजीवरचा लेख वाचला, चांगला होता. 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरनं 10 मीटर एअर पिस्तूलमध्ये आणि आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफलमध्ये ब्राँझ आणलं तेव्हापासून सोलापुरातली पोरंपण चौकशी करायला लागलीत हे खरंय. पण लाखाच्या वरचं मॅच पिस्तूल, म्हणजे स्पर्धेचं पिस्तूल, घेतल्याशिवाय सुरुवातच होत नाही असा जो सूर त्यात होता तो काय पटला नाही बघा, म्हणून लिहितोय.

कितीतरी घरात माळ्यावर जुनी पंपाची एअर पिस्तुलं पडून असतात, हवा धरत नाहीत म्हणून कुणी हात लावत नाही आणि घर आवरताना किलोवर भंगारात जातात. बहुतेकांत फक्त आतलं रबर संपलेलं असतं, लोखंड-पितळ ठणठणीत असतं. सोलापूरचा उन्हाळा 42 च्या पुढं जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेलं रबर कडक होणारच, त्यात कंपनीचा काही दोष नाही.

माझ्याकडं मामांचं आहे, ते बोटीवर नोकरीला होते तेव्हा आणलेलं, 4.5 मिमीचं. अमेरिकेत क्रॉसमननं 1977 साली 1377 नावाचं मॉडेल काढलं, त्याच पद्धतीचं. नळीखालचा दांडा उघडून-मिटून 3 ते 10 पंप मारायचे, पिस्टनच्या तोंडाचा कप, म्हणजे वाटीसारखं वायसर, हवा रेटत व्हॉल्व्हमध्ये कोंबतो, ट्रिगर ओढला की हॅमर व्हॉल्व्हच्या दांडीवर आपटतो आणि सगळी हवा छर्‍यामागं सुटते. एवढंच यंत्र आहे. ज्यानं रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपाचं चामड्याचं वायसर बदललंय त्याला यातलं निम्मं आधीच कळतं.

खोलायच्या आधी गळती कुठंय ते शोधायचं, हे लोक करत नाहीत आणि सरळ पाना घेऊन बसतात. आधी छर्रा नाही ना हे बघायचं, मग तोंड सुरक्षित दिशेला ठेवून तीन-चार पंप मारायचे. पंप मारताना जोरच लागत नसेल तर कप वाळलाय किंवा फाटलाय. दांडा आपोआप उघडायला बघत असेल तर हवा आत घेणारा चेक व्हॉल्व्ह धरत नाही, आणि नळीतून बारीक सूं आवाज येत असेल तर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह आपल्या सीटवर, म्हणजे बसायच्या जागेवर, नीट बसत नाही. नळीच्या तोंडाशी डोळा किंवा कान न्यायचा नाही, साबणाच्या पाण्याचा फेस लावला की बुडबुडे दिसतात.

मग हवा पूर्ण सोडून, चष्मा लावून खोलायचं, कारण आत स्प्रिंग दाबलेली असते आणि ती सुटली की डोळ्यावर येते. प्रत्येक पार्ट काढला की मोबाईलवर फोटो. जुनी ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, लोखंडी टोच्यानं उकरायची नाही, खाचेला ओरखडा पडला तर नवी रिंगपण गळणार, बांबूची काडी घ्यायची. रिंगचं माप व्हर्नियरनं खाचेचं घ्यायचं, जुन्या रिंगचं नाही, ती आक्रसलेली किंवा फुगलेली असते. अक्कलकोट रोड एमआयडीसीकडं हायड्रॉलिक सीलच्या दुकानात नायट्राईल रबराची, 70 शोअरची (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) मागा, चिल्लर पैशात मिळते. बसवताना बोटावर सिलिकॉन ऑइलचा एक थेंब पुरतो. खोबरेल तर अजिबात नको, थंडीत गोठतं. दाराच्या बिजागरीला मारायचा स्प्रेपण नको, तो सीलसाठी नाहीच.

जोडल्यावर तीन पंप भरून थोडा वेळ राहू द्यायचं, मग चिंध्या गच्च भरलेल्या खोक्याकडं तोंड करून सोडायचं, फट्ट आवाज आला म्हणजे हवा धरली. एक पंप भरूनच ठेवा, व्हॉल्व्ह बसून राहतो असं जुनी माणसं सांगतात, त्यात तथ्य आहे, पण घरात लहान पोरं असतील तर मी म्हणेन रिकामंच ठेवा आणि कुलपात ठेवा.

दोन गोष्टी कळकळीनं सांगतो. 2016 च्या आर्म्स रूल्सप्रमाणं 20 जूलच्या वर ताकद किंवा 0.177 इंचाच्या, म्हणजे 4.5 मिमीच्या, वर बोअर (नळीचं भोक) असेल तर लायसन्स लागतं, म्हणजे मोठ्या बोअरचं जुनं पिस्तूल निघालं तर खोलायच्या आधी पोलीस आयुक्तालयात विचारा, आणि रिपेरीच्या नावाखाली कडक स्प्रिंग टाकून ताकद वाढवू नका. दुसरं, हिप्परग्याच्या तलावावर किंवा नान्नजकडच्या माळावर पाखरांवर नेम धरणारी पोरं दिसतात, त्यांना आईबापांनी घरातच आवरावं, 1972 च्या वन्यजीव कायद्यात तो सरळ गुन्हा आहे. कागदी टार्गेट आणि मागं जाड लाकडी फळी, एवढ्यावर श्वास, साईट (नेम धरायची खूण) आणि ट्रिगर सगळं शिकता येतं. असल्या पिस्तुलानं मॅच जिंकता येणार नाही हे मलापण माहितीय, पण शिकायला ते भरपूर आहे.

आपल्याला एवढीच विनंती की पुढच्या पुरवणीत शहरातल्या जुन्या कारागिरांवर एक पान द्या. पॉवरलूमच्या जोरावर मोठं झालेलं गाव आहे हे, लेथवर पितळेची बारीक सीट घासून देणारे आणि चामड्याचा कप कापून देणारे हात अजून आहेत, पण आजची पोरं त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. कोण काय करतं आणि कुठल्या पेठेत बसतं एवढं छापलंत तरी कितीतरी पिस्तुलं भंगारवाल्याकडं जायची वाचतील.

आपला,
एक नियमित वाचक, अशोक चौक, सोलापूर