थेंबाबरोबर फिल्टर हाऊसमध्ये

महोदय,

कृष्णाकाठच्या एका गावाच्या फिल्टर हाऊसमध्ये, म्हणजे नदीचं पाणी पिण्यायोग्य करणाऱ्या केंद्रात, माझी ३१ वर्षं गेली. पावसाळा सरला की शाळांच्या सहली यायच्या. दोघादोघांची रांग, पुढे बाई, मागे शिपाई. 'कठड्याला टेकू नका' इथून सुरुवात, आणि 'तुरटी, निवळण, गाळण, क्लोरीन' एवढं वहीत उतरलं की चला परत. माहिती सांगणारा मीच. चूक काही सांगितलं नाही, पण प्रश्न विचारणारा मला एकच मुलगा आठवतो. 'काका, यात मगर आहे का?' सगळे हसले आणि मी त्याच्यावर खेकसलो. खरं तर आमच्या नदीत मगरी आहेत. सांगलीच्या माणसाला विचारा.

हे आता आठवायचं कारण म्हणजे सुट्टीत आलेली नात. तिच्या पिशवीत 'द मॅजिक स्कूल बस' मालिकेतलं पहिलं पुस्तक होतं. मजकूर जोआना कोल यांचा, चित्रं ब्रूस डेगन यांची, अमेरिकेत १९८६ साली निघालेलं. आणि विषय काय, तर वॉटरवर्क्स! फ्रिझल नावाच्या चक्रम बाई वर्गाला तिकडे सहलीला नेतात. मुलं नाखूशच. पण बस थेट ढगात चढते, मुलं थेंबाएवढी होऊन पावसाबरोबर खाली येतात, ओढ्यातून जलाशयात, तिथून शुद्धीकरण केंद्रात, आणि शेवटी शाळेतल्याच मुलींच्या स्वच्छतागृहातल्या नळातून बाहेर.

मी चष्मा लावून चुका काढायलाच बसलो होतो. तुरटीने गाळ गोळा होतो, निवळण टाकीत तळाला बसतो, उरलासुरला वाळू-खडीच्या थरात अडकतो, मग क्लोरीन. क्रम बरोबर. मी जन्मभर पोपटासारखा सांगितला तोच. नात मात्र तो न घोकता सांगत होती, कारण ती त्यातून जाऊन आली होती! दुसऱ्या दिवशी जेवताना विचारते, 'आबा, वाळूत अडकलेल्या घाणीचं पुढे काय होतं?' इतक्या वर्षांत मला बॅकवॉशबद्दल कुणी विचारलं नव्हतं. खालून हवा आणि पाणी सोडायचं, वाळू उकळी फुटल्यासारखी ढवळून निघते, घाण वर येऊन वाहून जाते, हे सांगता सांगता भाकरी गार झाली.

मला सगळ्यात आवडली ती मात्र शेवटची पानं. यातलं खरं काय आणि गमतीसाठी घुसडलेलं काय, हे लेखिकाच तिथे कबूल करते. बस ढगात जात नाही, मुलं थेंबाएवढी होत नाहीत, वगैरे. नातीला हे ठाऊक होतंच. तरी ती पानं तिने दोनदा वाचली आणि मग एखादी थाप कबूल करायची राहून गेली आहे का, हे शोधत पुस्तक पहिल्यापासून चाळलं. पाठ्यपुस्तक असं कोण वाचतं?

मराठीत मुलांसाठी विज्ञान लिहिलंच गेलं नाही, असं मी म्हणणार नाही. जयंत नारळीकरांच्या कथांवर एक पिढी वाढली. अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून दाखवली. 'किशोर' १९७१ पासून निघतो आहे. पण अगदी लहानांच्या रंगीत चित्रपुस्तकांपाशी गेलं की मला दोनच जाती भेटतात. एकीत परी असते, तिचा विज्ञानाशी संबंध नाही. दुसरीत 'मुलांनो, आज आपण पाण्याविषयी माहिती घेऊ' म्हणणारे काका असतात (म्हणजे मीच). थेंब बोलू लागला तरी काकांच्याच भाषेत बोलतो. 'मी पाण्याचा थेंब बोलतोय' हे आत्मवृत्त दहा मार्कांसाठी आपण सगळ्यांनीच लिहिलं आहे.

यावर त्या मालिकेचं भाषांतर करून मोकळं व्हावं, तर तेही पुरणार नाही. त्या अमेरिकन केंद्रात शेवटी पाण्यात फ्लोराइड घालतात, दात किडू नयेत म्हणून. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत ते बोअरच्या पाण्यात मुळातच जास्त आहे. दातांवर तपकिरी डाग पडतात, हाडं वाकतात. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर ते चालत नाही. तिथल्या मुलाच्या हाती ते पान पडलं तर त्याने काय समजायचं?

आपल्या थेंबाची वाटच निराळी. जुलैत तो कृष्णेच्या तांबड्या पुरातून येतो, तेव्हा पुन्हा पुन्हा जार टेस्ट करून (भांड्यांतल्या पाण्यात कमीजास्त तुरटी घालून बघून) तुरटीचा डोस बदलावा लागतो. कुठे तो टँकरने येतो, हंड्यात राहतो, आजीने फिरवलेल्या तुरटीच्या खड्याला भेटतो. संभाजीनगरात मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली नहर आहे. पंप नाही, वीज नाही, नुसत्या उतारावर जमिनीखालून पाणी शहरात आणलेलं, वाटेत मनोऱ्यांसारखे उंच बंबे. मुलांनी भरलेली बस त्या बंब्यात शिरली तर काय बहार येईल!

रंगीत छपाई परवडत नाही, असं प्रकाशक म्हणतील. असेलही. मला त्यातलं कळत नाही. पण एखाद्या लेखकाला आणि चित्रकाराला असं पुस्तक करावंसं वाटलं, तर टाक्यांचा क्रम, झडपांच्या जागा, बॅकवॉश सुरू होताना येणारा आवाज, सगळं फुकट सांगायला मी तयार आहे. पुस्तकात मगर जरूर घाला. फक्त शेवटच्या पानावर लिहा, की इंटेकच्या, म्हणजे नदीतून पाणी आत घेतात तिथल्या, जाळीतून ती आत येत नाही.

आपला,
एक निवृत्त फिल्टर ऑपरेटर