अहवालाच्या पाठकोऱ्या बाजूवर दोन रेघा ओढणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

माझ्या मुलाच्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी झटलेल्या बहुतेकांचे आभार समक्ष मानता आले. दात्याचे मानता येत नाहीत, कारण रजिस्ट्री त्याचे नाव गुप्त ठेवते; आणि तुमचे राहून गेले, कारण टिश्यू टायपिंगच्या, म्हणजे दाता आणि रुग्ण जुळतात का हे तपासणाऱ्या, लॅबमधल्या माणसांपर्यंत रुग्णाचे नातेवाईक सहसा पोहोचतच नाहीत. म्हणून हे जाहीर पत्र.

तुमच्याकडे येण्याआधी दुसऱ्या एका लॅबचा अहवाल आमच्या हाती होता. दाता जुळतो की नाही हे एचएलए जनुकांवर ठरते; त्यांतल्या एचएलए-बी या जनुकापुढे प्रकारांच्या एका जोडीऐवजी (एक आईकडून, एक बाबांकडून) अनेक जोड्या छापल्या होत्या आणि शेजारी ‘अँबिग्युइटी’, म्हणजे संदिग्धता, एवढाच शेरा होता. अर्थ विचारला की खिडकीवरचे गृहस्थ डॉक्टरांकडे पाठवीत, डॉक्टर पुन्हा लॅबकडे, आणि अखेर उत्तर मिळाले की सगळ्यांचेच असे येते. रजिस्ट्रीत जुळण्याजोगे दोन दाते दिसत होते आणि त्यांतला कोण खरोखर जुळतो हे नेमके त्याच रकान्यावर ठरणार होते, हे आम्हाला सांगावे असे तिथे कोणालाही वाटले नाही. पैसे मात्र आगाऊ भरून घेतले होते.

तुम्ही आतून उठून बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसलात. तोच अहवाल पालथा घालून त्यावर एक लाल आणि एक निळी रेघ ओढलीत, लाल रेघेवर ‘आई’ आणि निळीवर ‘बाबा’ असे मराठीत लिहिलेत आणि अक्षर बदलते अशा दोन ठिकाणी फुल्या मारल्यात. डीएनए वाचण्याच्या सँगर पद्धतीत जनुकाच्या, आईकडची आणि बाबांकडची अशा, दोन्ही प्रती एकदमच वाचल्या जातात. दोन पत्रे एकावर एक ठेवून उजेडाकडे धरल्यासारखे अक्षर दिसते, पण ते कोणत्या पत्रातले हे कळत नाही, असे तुम्ही म्हणालात. दोन्ही फुल्या एकाच रेघेवर आहेत की वेगवेगळ्या, यावर सगळी जोडी बदलते. नॅनोपोरचे यंत्र डीएनएचा एकेक धागा सूक्ष्म छिद्रातून सरकवत सलग वाचते, त्यामुळे हजारो अक्षरांचे अख्खे जनुक एका दमात वाचून होते आणि लाल-निळे आपोआप वेगळे होते. अख्खे कशाला वाचायचे, या माझ्या प्रश्नालाही तुम्ही कंटाळला नाहीत. एचएलए-ए जनुकाच्या ए*२४:०९एन या प्रकारात चौथ्या एक्सॉनमधल्या (एक्सॉन म्हणजे प्रथिनाची कृती लिहिलेला जनुकाचा तुकडा) बदलामुळे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येतच नाही, पण केवळ दुसरा आणि तिसरा एक्सॉन वाचणाऱ्याला तो नेहमीच्या ए*२४:०२ सारखाच वाटतो, हे मला त्या बाकावर समजले.

जाँ दोसे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९५८ साली एचएलए कुळातला पहिला प्रतिजन (पेशीवरची ओळखखूण) ओळखला आणि १९८० साली त्यांना नोबेल मिळाले, हे मी नंतर वाचले. तेव्हा रक्तद्रवाच्या चाचण्यांवर भिस्त होती. आज एचएलए जनुकांच्या ज्ञात प्रकारांची संख्या चाळीस हजारांच्या पुढे गेली आहे. ही प्रगती थक्क करणारी आहे खरी, पण तसे यंत्र ती पहिली लॅबही उद्या विकत घेईल. खुर्चीतून उठून बाहेर येणारे माणूस तिला कुठून मिळणार, हा माझा प्रश्न आहे. आपल्याकडे हुशारीची वानवा नाही. समोरच्याला कळेपर्यंत सांगावे, ही साधी रीतच विरळ झाली आहे.

ज्याला आम्ही मनातून बाद करून बसलो होतो, तोच दुसरा दाता जुळला. त्याच्या पेशी रुजल्या आहेत, प्लेटलेट्स बाहेरून द्याव्या लागत नाहीत, आणि कायमेरिझमच्या, म्हणजे रक्तपेशी कोणाच्या हे पाहणाऱ्या, अहवालात त्या दात्याच्याच दिसत आहेत. मुलगा सध्या घरच्या वरणभाताला नावे ठेवतो आहे.

एक विनंती आहे. ते लाल-निळे चित्र आपल्या लॅबने प्रत्येक अहवालाच्या मागे छापूनच द्यावे. माझ्याकडच्या कागदाची झेरॉक्स वॉर्डातल्या इतर पालकांनी इतक्यांदा काढली आहे की आता फुल्या नीट दिसत नाहीत.

आपली,
एका रुग्णाची आई