पत्र्याखालची दुपार

मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की प्रशासनाची सूचना ठरलेली: दुपारी १२ ते ३ घराबाहेर पडू नका. आमच्या पूर्व भागातल्या बायका ती ऐकून हसतात. त्या बाहेर जातातच कुठे? पत्र्याखाली, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या असतात. माझी आईही त्यांतलीच. घरात पंखा आहे, पण लावला की सुपातली तंबाखू उडते, भिजवलेलं पान वाळून कडक होतं. म्हणून ४२ अंशांतही पंखा बंद. मजुरी हजार विड्यांवर. हात थांबला की पैसे थांबले.

हवामान खात्याच्या हिशेबात मैदानी भागात पारा ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेला, किंवा थेट ४५ ला टेकला, तरच उष्णतेची लाट. सोलापूरची मे महिन्यातली सरासरीच चाळिशीच्या घरात. म्हणजे आमचे ४३ अंश नुसता ‘उन्हाळा’!

पॅरिस आणि सोलापूर एका पत्रात यावेत हे नवलच, पण ऐका. २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उन्हानं सुमारे १५ हजार माणसं गेली, बहुतेक म्हातारी. पॅरिसच्या जुन्या इमारतींवर जस्ताचे पत्रे असतात. थेट छपराखालच्या खोल्यांत राहणाऱ्यांना धोका जास्त होता. २०२१ च्या जूनमध्ये कॅनडातल्या लिटन गावात ४९.६ अंश नोंदले गेले. त्या एकाच प्रांतात उष्णतेनं ६१९ जण दगावले, जवळपास सगळे घरात. ऊन माणसाला रस्त्यावरच गाठतं, हा समज आपल्या सूचनांतून अजून जात नाही.

अहमदाबादनं २०१० च्या मे महिन्यात माणसं गमावली आणि २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला. पुढे तिथे वस्त्यांमधली छपरं पांढरी रंगवली गेली. पांढरं छप्पर ऊन परतवतं, खोली कमी तापते. खर्च फार नाही. फक्त काम मार्चच्या आत व्हायला हवं, निविदा मेमध्ये निघून उपयोग नाही.

तेव्हा मागणी दोनच. विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांतले पत्रे पांढरे करून द्या. आणि पारा चढलेल्या दिवसांत विड्या कमी भरल्या, तरी मजुरी बुडणार नाही असा नियम करा.

पाहणीला मेमध्येच या, दुपारी दोनला. पंखा लावता येणार नाही, तेवढं चालवून घ्या.

आपला,
एका विडी कामगाराचा मुलगा, सोलापूर